मागावरची ट्यूब बंद करू नका: अंधाऱ्या घरातल्या दस्तऐवजी फोटोंसाठी उजेडाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: येवल्यात हातमागावर पैठणी विणणाऱ्या एका कुटुंबाची फोटोमालिका करायची आहे. खोली लहान, एका भिंतीला खिडकी, समोर दार, मागावर लोंबती ट्यूब. फ्लॅश मारला की फोटो लग्नाच्या अल्बममधला वाटतो, नाही मारला की हात हलतात आणि नॉइज (दाणेदारपणा) येतो. जवळ फुल फ्रेम कॅमेरा, ३५ मिमी एफ/१.८, २४-७० एफ/२.८, एक स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश), रेडिओ ट्रिगर आणि हाताएवढा एलईडी पॅनल आहे. काय कधी वापरावं?

सामानाचं नंतर. आधी एक गोष्ट पक्की करा: या खोलीतला उजेड हा तुमच्या विषयाचाच भाग आहे. विणकराने माग खिडकीशी का लावला, ट्यूब नेमकी फणीच्या वरच का टांगली, संध्याकाळी दिवा कुठे सरकतो, ही त्या कामाची माहिती आहे. दोन सॉफ्टबॉक्स लावून खोली सारखी उजळली तर फोटो स्वच्छ येईल, पण ही माहिती पुसली जाईल. म्हणून नियम एकच धरा. बाहेरून आणलेला उजेड आधीच असलेल्या उजेडाच्या दिशेने आणि त्याच्याच रंगात आला पाहिजे, आणि त्याच्यापेक्षा कमी असला पाहिजे. बाकी सगळं या नियमातूनच निघतं.

आधी मोजमाप

पहिला अर्धा तास फोटो काढू नका, मोजा. स्पॉट मीटरिंग (फक्त एका छोट्या जागेचा उजेड मोजणं) लावून चार जागा बघा: विणकराचे हात, चेहरा, मागची भिंत, खिडकी. ट्यूबपासून मीटरभर अंतरावर हातांवर साधारण एफ/२.८, १/१००, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४० असं माप येतं. त्याच खोलीचा तीन-चार मीटर लांबचा कोपरा तीन ते चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली असतो, म्हणजे आयएसओ ६४०० च्या आसपास. ढगाळ दिवसाची खिडकी हातांच्या चार-पाच स्टॉप वर जाते आणि बाहेर ऊन असेल तर आठ. एवढी दरी कुठल्याही सेन्सरला एका फ्रेममध्ये नीट पेलत नाही. तेव्हा काय सोडायचं ते आधीच ठरवा. बहुतेक वेळा खिडकी सोडावी, हात आणि चेहरा सोडू नये.

खिडकीच्या दिशेचाही हिशेब करा. येवला साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४६-४७ अंश वर असतो. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून दोन मीटरवर असेल, तर उन्हाचा पट्टा जवळजवळ तेवढाच, दोन मीटरच्या आत-बाहेर, खोलीत शिरतो. मेअखेर ते जुलै या काळात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडे असतो. तेव्हा त्याच खिडकीतून ऊन येत नाही, फक्त आकाशाचा मऊ उजेड येतो. मालिका वर्षभर चालणार असेल तर हे वेळापत्रक वहीत मांडूनच ठेवा.

उन्हाचा पट्टा आत पडला की नवखा माणूस विणकराला त्यात आणायला बघतो. तसं करू नका. पट्टा जमिनीवर किंवा पांढऱ्या भिंतीवर पडेपर्यंत थांबा. तिथून परतणारा उजेड चेहऱ्याची सावलीची बाजू दीड-दोन स्टॉपनी उचलतो. कुठलंही उपकरण देणार नाही असा हा फिल-लाइट, आणि तोही फुकट. फक्त तो पंधरा-वीस मिनिटंच टिकतो. थेट ऊन रेशमावर पडू नये म्हणून घरचे पडदा ओढत असतील तर पडदा उघडायला सांगू नका. तो पडदाही नोंदच आहे.

कॅमेरा कुठे उभा करायचा: जर (सोनेरी तार) आणि रेशीम

पैठणीच्या बाबतीत हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. जर धातूसारखी वागते. तिला स्वतःचा उजेड नसतो, समोर जे असेल तेच ती दाखवते. कॅमेरा खिडकीच्या बाजूला ठेवून पदराकडे पाहिलं तर जरीला परतवायला खोलीचा अंधारच मिळतो आणि ती तपकिरी, मळकी दिसते. कॅमेरा खिडकीच्या समोरच्या बाजूला नेला, म्हणजे खिडकी पदराच्या पलीकडे आली, की जरीत अख्खी खिडकी उतरते आणि मोराचा पिसारा, काठावरची कोयरी सोन्याच्या पत्र्यासारखी उघडते. उंचीही बदलून बघा. माग खड्ड्याचा (विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो असा) असेल तर कापड जमिनीलगत असतं. उभं राहून पाहिलं की चमक गायब होते, गुडघ्यावर बसलं की येते. वीस सेंटिमीटर वर-खाली झालं तरी फरक पडतो.

कॅमेऱ्यावरचा थेट फ्लॅश इथे सगळ्यात वाईट. उजेडाचा स्रोत लहान असल्याने जरीत पांढरे ठिपके फुटतात आणि ठिपक्यांच्या मधलं सगळं काळं पडतं. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावायचा मोह होईल, पण धातूवरची चमक त्याने जात नाही. वर दीड ते दोन स्टॉप उजेड मात्र जातो. जरीतले बारीक ठिपके हिस्टोग्रामच्या उजव्या टोकाला आदळले तरी घाबरू नका. पत्र्यासारखा सलग भाग मात्र जाळू नका. तो जपायला एक्स्पोजर १/३ ते २/३ स्टॉप खाली ठेवा.

ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असलेलं धूपछावी रेशीम आणखी अवघड. कोन बदलला की रंग बदलतो. त्याची एकच 'खरी' फ्रेम नसते. एकाच जागेची दोन कोनांतून दोन छायाचित्रं घ्या आणि जोडीने ठेवा.

ट्यूब, फ्लिकर आणि शटर

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला शंभरदा उजळतो आणि मंदावतो. चोकच्या जुन्या ट्यूबला हे हमखास होतं. एलईडी ट्यूबचं तिच्या ड्रायव्हरवर अवलंबून असतं, स्वस्त ट्यूब जास्त त्रास देते. ओळखायला सोपी युक्ती: फोनवर स्लो-मोशन व्हिडिओ घ्या, किंवा कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक शटरवर १/१००० ला एक फ्रेम घ्या. आडवे पट्टे दिसले तर ती ट्यूब फ्लिकर करते.

अशा दिव्याखाली १/१००, १/५० किंवा १/२५ एवढेच शटर स्पीड सुरक्षित. १/१०० ला एक पूर्ण लहर सेन्सरवर येते, म्हणून प्रत्येक फ्रेम सारखी दिसते. १/२५० ला लहरीचा तुकडाच सापडतो आणि लागोपाठच्या तीन फ्रेम तीन वेगळ्या उजेडाच्या आणि रंगाच्या येतात. घरात आवाज नको म्हणून बरेचजण सायलेंट शटर लावतात. साध्या सेन्सरला पूर्ण फ्रेम वाचायला १/३० सेकंदाच्या आसपास वेळ लागत असेल तर फ्रेमभर तीन पट्टे उमटतात आणि ते नंतर सहसा निघत नाहीत. ट्यूबखाली मेकॅनिकल शटरच वापरा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर तो चालू करा. तो लहरीच्या शिखरावर शटर सोडतो, त्यामुळे १/२५० सुद्धा बऱ्यापैकी निभावतं. फक्त बटण दाबल्यावर किंचित उशीर होतो.

आता हाताचा वेग. साडीच्या अंगात धोटा (बाण्याचा धागा नेणारं साधन) इकडून तिकडे फेकला जातो. तो गोठवायला १/२५० तरी हवं, म्हणजे फ्लिकरशी भांडण आलंच. पदराच्या आणि काठाच्या नक्षीत मात्र वेगवेगळ्या रंगांच्या कांड्या हातानेच, एकेक करून, ताण्यातून नेल्या जातात. ते काम संथ असतं, १/१०० ला बोटं स्पष्ट येतात. म्हणजे कामाचा टप्पा ओळखला तर निम्मा प्रश्न उपकरणाशिवाय सुटतो. नक्षी चालू असताना जवळून बोटं घ्या. अंग विणताना १/२५ वर जा आणि धोट्याची रेघ उमटू द्या. कॅमेरा खिडकीच्या चौकटीला किंवा भिंतीला टेकवा म्हणजे माग स्थिर राहून फक्त हात हलेल.

रंग

व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे पांढरा जुळवणं) ऑटोवर ठेवू नका. दार उघडलं, कोणी आत आलं, लाल साडी फ्रेममध्ये शिरली की ऑटो दरवेळी नवा निर्णय घेतो आणि मालिकेतले फोटो एका घरातले वाटेनासे होतात. केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) हाताने लावा. ढगाळ आकाशाची खिडकी ६५०० ते ७५००, घरोघरी असते ती पांढरी 'कूल डेलाइट' ट्यूब सुमारे ६५००, देवघरातला पिवळा बल्ब २७००, समईची ज्योत १९०० च्या आसपास. यातून एक चांगली बातमी निघते. आपल्याकडची पांढरी ट्यूब आणि खिडकी यांचा रंग बराच जवळचा असतो, तेव्हा मिश्र उजेडाची जी भीती पुस्तकं घालतात ती इथे निम्मीच खरी आहे. खरा गोंधळ पिवळ्या बल्बचा, आणि जुन्या ट्यूबमधल्या हिरव्या झाकेचा. ती झाक केल्विनने जात नाही, टिंटचा पट्टा मॅजेंटाकडे सरकवावा लागतो.

दुसरी अडचण लपलेली असते. स्वस्त एलईडी लाल रंग नीट दाखवत नाही. कुंकवाचा लाल विटकरी होतो, जांभळा निळसर होतो, आणि हे व्हाइट बॅलन्सने दुरुस्त होत नाही, कारण दिव्यात तो लाल मुळातच कमी असतो. पैठणीच्या रंगाची नोंद हवी असेल तर ती दिवसाच, ट्यूब ज्या भागात पोचत नाही तिथे, खिडकीच्या उजेडात घ्या आणि पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड ठेवा. कामाचे फोटो ट्यूबखाली, रंगाचे फोटो खिडकीशी: हे दोन वेगळे उद्देश आहेत, एकाच फ्रेमवर दोन्ही लादू नका.

फ्लॅश कधी आणि किती

आता स्पीडलाइट. त्याची बदनामी थोडी अन्यायाचीच आहे. पत्रकार-छायाचित्रकार जेकब रीस याने १८८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या चाळींमध्ये मॅग्नेशियमच्या पुडीचा फ्लॅश उडवून फोटो काढले. त्यातली माणसं बऱ्याचदा दचकलेली दिसतात, पण त्या खोल्या तोवर कोणी पाहिल्याच नव्हत्या. १९३० च्या दशकात अमेरिकेत छायाचित्रकार रसेल ली याने शेतकऱ्यांच्या घरांत थेट फ्लॅश वापरला आणि भिंतीवरचं कॅलेंडर, फडताळातले डबे, सगळं टिपलं. घरातल्या वस्तूंची यादीच करायची असेल तर सरळ, बोथट फ्लॅश हे प्रामाणिक हत्यार आहे. अशा चारदोन फ्रेम तुम्हीही घ्या, पण त्या यादी म्हणूनच वापरा.

कामाच्या फोटोंसाठी क्रम असा. कॅमेरा मॅन्युअलवर, फ्लॅश बंद. १/१००, एफ/२.८, आयएसओ ६४० असं लावून हात बरोबर आणि बाकीची खोली एक ते दीड स्टॉप खाली येते का बघा. मग फ्लॅश मॅन्युअलवर १/६४ पॉवरला सुरू करा आणि उजेड कळत नाही पण सावलीत तपशील येतो इथवरच वाढवा. एवढ्या खोलीत १/३२ च्या वर जावं लागलं तर आयएसओ वाढवणं शहाणपणाचं. टीटीएल (फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं) वापरायचाच असेल तर उणे १.७ ते उणे २ वर ठेवा. मागे काळी भिंत आणि पुढे जरीचं कापड असलं की टीटीएल गोंधळतो, हे लक्षात ठेवून मगच.

बाउन्स (फ्लॅश दुसरीकडे मारून परतलेला उजेड घेणं) कशावरून करायचा ते छप्पर ठरवतं. पांढरा चुना मारलेला स्लॅब उत्तम. पत्रा उजेड परततो पण ठिकठिकाणी डाग पाडतो. कौलं आणि माळवदाची लाकडं उजेड गिळतात, बॅटरी संपते आणि हाती काही लागत नाही. मग भिंत उरते. तिचा रंग बघा. गावाकडच्या बऱ्याच घरांत खाली हिरवा किंवा निळा ऑइलपेंट आणि वर पांढरा चुना असतो. फ्लॅशचं डोकं पांढऱ्या भागाकडेच वळवा, नाहीतर गालावर हिरवी झाक येते आणि ती फक्त सावलीत येत असल्याने काढायला वैताग. भिंतच नसेल तर दोन बाय तीन फुटांचा थर्माकोल कोणाला तरी धरायला द्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, वजनाला काही नाही, आणि विकतच्या रिफ्लेक्टरच्या चंदेरी बाजूसारखा डोळ्यांवर चमकत नाही.

या सगळ्याहून चांगला उपाय म्हणजे फ्लॅश घराबाहेर नेणं. पाऊस दाटला, साडेचार वाजले, खिडकी मंदावली, तरी काम चालू आहे. अशा वेळी स्पीडलाइट खिडकीबाहेर दीड-दोन मीटरवर, खिडकीपेक्षा थोडा उंच ठेवा. गजांवर आतून बटर पेपर चिकटवा, ट्रिगर लावा आणि १/३२ पासून सुरुवात करा. फ्लॅश खिडकीला चिकटवला तर जवळचा खांदा जळतो आणि पलीकडचा हात काळा पडतो, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. मागे नेला की बटर पेपर अख्खा उजळतो आणि खिडकी खिडकीसारखी वागते. खिडकी फ्रेममध्ये येत असेल तर बटर पेपर दिसतो, म्हणून ही युक्ती खिडकी फ्रेमबाहेर ठेवूनच. फ्लॅशचा रंग ५५०० च्या आसपास असतो. ढगाळ खिडकीशी किंवा पांढऱ्या ट्यूबशी जुळवायला पाव निळी जेल (फ्लॅशवर लावायची रंगीत फिल्म) पुरते. संध्याकाळी पिवळ्या बल्बशी जुळवायला पूर्ण नारिंगी जेल लागते आणि ती जवळपास २/३ स्टॉप उजेड खाते.

इथे वाद होऊ शकतो: खिडकीचा खोटा उजेड हा खोटेपणा नाही का? माझं मत असं. त्या दिवशी त्या वेळी खिडकीतून जसा उजेड येऊ शकला असता तसाच आणि त्याच दिशेने आणला असेल तर चालतो. रात्री आठला 'दुपार' तयार केली तर नाही चालत. विणकराला पुन्हा धोटा फेकायला लावणं तर त्याहून मोठी चूक, मग फ्लॅश असो वा नसो. बातमीच्या स्पर्धांमध्येही आक्षेप येतो तो प्रसंग रचण्याला.

धोटा गोठवायलाही फ्लॅश उपयोगी पडतो. कमी पॉवरवर त्याची चमक १/५००० सेकंदाहून छोटी असते, त्यामुळे शटर १/५० असूनही हात कोरल्यासारखा येतो. पण ट्यूबचा उजेड फ्लॅशच्या बरोबरीचा असला तर हाताच्या मागे भुताटकीची सावली उमटते. ती नको असेल तर खोलीचा उजेड दोन स्टॉप खाली आणा. हवी असेल तर रिअर कर्टन सिंक (शटर मिटता मिटता फ्लॅश उडवणं) लावा म्हणजे रेघ धोट्याच्या मागे राहील, पुढे धावणार नाही.

एलईडी पॅनल

कामाच्या वेळी तो जवळजवळ वापरू नका. सतत जळणारा दिवा समोर ठेवला की माणूस दिव्यासाठी बसतो. शिवाय विणकर ताण्याचे धागे मोजत असतो. त्याच्या नजरेच्या रेषेत दिवा आला किंवा जरीवरून उजेड डोळ्यात गेला तर धागा चुकतो आणि विणलेलं उकलावं लागतं. फ्लॅशबाबतही हेच: नक्षीचे धागे मोजणं चालू असताना अजिबात मारू नका. पॅनलचा खरा उपयोग वीज गेल्यावर. घरात इमर्जन्सी दिवा किंवा फोनचा टॉर्च लागतो तेव्हा तोच मुख्य उजेड ठेवा, आयएसओ ६४००, एफ/१.८, १/३० वर जा. पॅनल सगळ्यात कमी टक्क्यावर, भिंतीकडे तोंड करून, फक्त काळोखाला तळ देण्यापुरता. तेही बहुधा लागणार नाही.

मागाजवळची शिस्त

लाइट स्टँड मागाजवळ उभा करू नका. तो ताण्यावर पडला तर धागे तुटतात, आणि ते नुकसान तुमच्या फोटोपेक्षा कितीतरी महाग असतं. फ्लॅश गजाला क्लॅम्पने बांधा, क्लॅम्पला वर दोरीची गाठ मारा. वायर खड्ड्यावरून नेऊ नका. बॅटरी, लेन्सकॅप, पाण्याची बाटली कापडावर ठेवू नका. दारात उभे राहू नका, बऱ्याच घरांत निम्मा उजेड दारातूनच येतो. शेजारची मुलं तिथे गर्दी करतात तेव्हा मीटर दीड स्टॉपने पडतो. कॅमेऱ्यात दोष शोधण्याआधी दाराकडे बघा.

आणि ट्यूब बंद करायला कधीच सांगू नका. 'फक्त एक फोटो' म्हणून बंद केली तरी विणकर थांबतो, हात बदलतो, आणि मग जे टिपलं जातं ते काम राहत नाही.

नॉइज आणि एडिटिंग

फुल फ्रेमवर आयएसओ ६४०० चा नॉइज १२ बाय १८ इंची प्रिंटमध्ये खटकत नाही. खटकतो तो आयएसओ ८०० ला तीन स्टॉप अंडर काढून नंतर उचललेल्या सावल्यांचा चिखल, विशेषतः जुन्या सेन्सरवर. म्हणून आयएसओला घाबरून एक्स्पोजर चोरू नका. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवा. पिवळा बल्ब आणि खिडकी एकाच फ्रेममध्ये असतील तर मास्क घालून बल्बचा भाग थोडा थंड करा, पण पूर्ण पांढरा करू नका. बल्ब पिवळाच होता. मागची भिंत काळी करून पसारा लपवणं हे एडिटिंगच्या पलीकडचं आहे.

प्रत्येक दिवसाच्या फाइलबरोबर तीन गोष्टी कॅप्शनमध्ये लिहा: वेळ, उजेड कुठला होता, आणि तुम्ही काय जोडलं. 'दुपारी ४.४०, खिडकी आणि ट्यूब, खिडकीबाहेरून फ्लॅश' एवढं पुरे. प्रदर्शनात ते छापायचं की नाही हा संपादकाचा प्रश्न, पण मूळ फाइलमध्ये ते असायलाच हवं.